बाईंचा वळसा

डावरीला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिला शर्टाचं बटण लावताना पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर डावरी." झालं. घरात, शेजारीपाजारी, पुढे मंडळातही तेच नाव चिकटलं. नवरासुद्धा घाईत असला की तेच म्हणे. तिने कधी हरकत घेतली नाही. हरकत घेणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

तिच्या सासूला सगळे 'बाई' म्हणत. बाईंनी एक मंडळ काढलं होतं. दहाबारा बायका आणि काम कापडाचं, पण नुसतं कापड नव्हे. कुणी कापडात तार गुंफे, कुणी जुने फोटो शिवून टाके, कुणी मुद्दाम चहाचे डाग पाडून त्यांच्या कडेने भरतकाम करी. एक जण डब्यांचे पत्रे कापून त्यांचे खवले चादरीवर टाचत असे, तिला पत्रेवाली म्हणत. दरवर्षी या सगळ्या मिळून प्रदर्शन भरवत. बाई स्वतः मात्र सुई आणि दोरा यांखेरीज तिसरी वस्तू कापडाला लागू देत नसत. पत्र्याबित्र्याकडे बघून त्या नाक मुरडत, पण कुणाला कधी 'हे काढ' म्हणाल्या नाहीत.

बाईंचं नाव होतं ते पिळाच्या टाक्यासाठी. बारीक दोरी वळून ठेवावी तशी त्यांची रेघ कापडावरून जाई. पण जाणकार बायका ती रेघ बघतच नसत, त्या सरळ कापड उलटं करत. बाईंच्या कापडाची पाठ पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असे. गाठ म्हणून नाही. दोरा संपला की बाई त्याचं टोक मागच्या टाक्यांखालून सरकवत, एक इवलासा वळसा देऊन परत फिरवत आणि तिथेच कापत. बोट फिरवलं तर मोहरीएवढा उंचवटा लागे. मंडळात त्याला 'बाईंचा वळसा' म्हणत. पुष्कळ जणींनी तो शिकून बघितला. कुणाचा सैल पडे, कुणाचा दुसऱ्या दिवशी सुटे. डावरीला शिकवण्यासाठी बाई एक अख्खा उन्हाळा खपल्या आणि शेवटी त्यांनी हात टेकले. "डाव्या हाताला हा पडत नाही गं," त्या म्हणाल्या, "तुझा दोष नाही." तेव्हापासून डावरी जाड गाठी मारून मोकळी होई. तिला त्या गाठी आवडत. ओबडधोबड का होईना, तिच्या होत्या.

मग बाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधोमध एक करडा डाग आला आणि पसरत गेला. कडेचं दिसे. दार दिसे, खिडकी दिसे, खुर्चीत कुणीतरी बसलंय एवढं कळे. पण ज्याच्याकडे बघायला जावं नेमकं तेच नाहीसं होई, मग ते सुईचं टोक असो की समोरच्याचा चेहरा. एखादी गोष्ट बघायची तर बाईंना तिच्या शेजारी बघावं लागे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फार आशा धरू नका असंही सांगितलं.

बाई आता खचणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बाई कसल्या खचतात. "डोळे गेले म्हणून हात गेलाय का?" असं म्हणून त्यांनी कापड मांडीवर घेतलं आणि बोटांनी चाचपत टाके घालायला सुरुवात केली. डावरीने ते पहिलं कापड उजेडात धरून पाहिलं. रांग मोडलेल्या मुंग्यांसारखे टाके वाटेल तिकडे पळाले होते. तिने ते नवऱ्याला दाखवलं. नवऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं. माणूस चांगला. आवाज चढवायचा नाही, पानात पडेल ते खायचा, पगार आणून हातात द्यायचा. अशा माणसाने काही मागितलं की नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

"आईला कळू द्यायचं नाही," तो म्हणाला. "तेवढ्यावर तर ती उभी आहे. तू जरा सारखं करून ठेवत जा ना. तिला कुठे दिसतंय?"

"दिसत नाही, पण बोटं आहेत ना त्यांना. बोटांना कळेल."

"म्हणूनच नीट कर," तो म्हणाला.

म्हणून ती नीट करू लागली. सकाळी डावरी सुयांमध्ये दोरे ओवून त्या उशीवर रंगाप्रमाणे खोचून ठेवी. बाई जेवणापर्यंत टाके घालत. जेवून आडव्या झाल्या की डावरी मागच्या खोलीत कापड घेऊन बसे, सकाळचं सगळं बाकदार कात्रीने उसवे, सुईची भोकं नखाने घासून ओल्या फडक्याने बुजवी आणि तीच रेघ पुन्हा घाली. संध्याकाळी बाई कापडावरून बोटं फिरवणार हे ठरलेलं. त्यामुळे गाठ चालणार नव्हती, वळसाच हवा होता. तो काही केल्या पडेना. रडकुंडीला येऊन शेवटी तिने कापड उलटं धरलं, अंगठ्याने दोरा वर ताणून ठेवला, आणि डाव्या हाताने तो वळसा एकदाचा पकडला. त्या संध्याकाळी बाईंची बोटं रेघेवरून गेली, मग पाठीवरून गेली, मोहरीवर येऊन थांबली. बाई हसल्या. "म्हणत नव्हते मी? हात विसरत नाही."

"खरंय, आई," डावरी म्हणाली.

अशी वर्षं गेली. प्रदर्शनात बाईंचं कापड नेहमी भिंतीवर मधोमध लागे. दिसत नसताना केलेलं काम म्हणून लोक लांबून बघायला येत, वर्तमानपत्रवाले येत, अनोळखी बायका बाईंचा हात हातात घेऊन डोळे पुसत. मंडळाचा सगळा डोलारा त्या एका कापडावर उभा होता. डावरी चहाचे कप गोळा करी. दर प्रदर्शनाला ती ठरवी, आता सांगून टाकायचं. मग बाईंचा फुललेला चेहरा दिसे आणि ती कप विसळायला निघून जाई. तिला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, दारं सगळी उघडी होती. पण प्रत्येक दारात कुणीतरी चांगलं माणूस आडवं पडलेलं, आणि त्याच्या अंगावर पाय देऊन बाहेर पडायचं तिच्याच्याने होईना. नवऱ्याला एकदा तिने म्हणून पाहिलं, "आपण असं किती दिवस करायचं?" तो म्हणाला, "अगं, आई आहे तोवर." यावर आणखी काही बोललं तर सासूच्या मरणाची वाट बघतेय असंच ऐकू आलं असतं.

यंदा स्वयंपाकघराची जुनी खिडकी काढून नवी सरकती बसवली. जुन्या खिडकीची बारीक जाळीची चौकट भंगारात जायची होती. डावरीने ती उचलली आणि कपडे धुवायच्या बाल्कनीत, मशीनच्या मागे उभी करून ठेवली. का, ते तिलाही आधी कळलं नाही. त्या बाल्कनीतून समोरचा बसथांबा दिसे. खरं म्हणजे अर्धाच दिसे, कारण मध्ये खालच्या दुकानाचं छप्पर येई. बसची वाट बघणाऱ्यांची डोकी कधी दिसतच नसत, नुसते पाय आणि पिशव्या. कुणाचे कंटाळलेले पाय, कुणाचे भांडून आलेले, एखादे नवे बूट घालून मुलाखतीला निघालेले. डावरीने तेच जाळीवर उतरवायला घेतलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांचे बूट, बाईंच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटांच्या पिशव्या, लोकरीच्या विजारी, आणि हे सगळं जागच्या जागी धरून ठेवणारी दोऱ्याची रेघ.

मशीन घरघरत असेपर्यंत तिचा वेळ. मशीन थांबलं की काम थांबायचं. जागा इतकी अरुंद की चौकट फिरवता येत नसे. एक हात पुढे आणि डावा हात चौकट आणि भिंत यांच्या फटीत घालून ती सुई आरपार घेई. मागे तो हात काय करतोय हे तिला दिसायचं कारण नव्हतं. दोरा संपला की मागच्या मागे टोक अडकवून टाकायचं आणि पुढचा दोरा घ्यायचा. इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हात हवा तिकडे जात होता. उसवायचं नव्हतं. कुणाचं बोट संध्याकाळी त्यावरून फिरणार नव्हतं. तिला फक्त एकच हवं होतं. जगात एक वस्तू अशी असावी की जिच्यासमोर उभं राहून कुणीतरी म्हणावं, ही हिने केली.

मंडळाच्या बैठकीत तिने हळूच सांगितलं, "माझंही एक आहे." सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. बाई खुर्चीत सरसावून बसल्या. "तुझं? बरं. लाव की. मागे कुठेतरी जागा होईल." त्यात खोच नव्हती. बाईंना खरोखरच आनंद झाला होता, लहान मुलाने कविता म्हणतो म्हटल्यावर होतो तसला.

यंदा सगळ्या वस्तू मांडायला एक तरुण मुलगी ठेवली होती. ती हेच शिकून आलेली. तिने नावाची चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारलं, "ताई, तुमचं नाव?" डावरी अडखळली. मग तिने नाव सांगितलं, आणि मांडणीवालीने ते सुरेख अक्षरात लिहिलं. डावरी ती चिठ्ठी जरा वेळ बघत राहिली. नाव ओळखीचं वाटत होतं.

मग मांडणीवालीने बॉम्ब टाकला. प्रदर्शनासाठी या वेळी एक जुनं गोदाम घेतलं होतं, छताला लोखंडी तुळया. "भिंतीवर काहीच लावायचं नाही," ती म्हणाली. "सगळं तुळयांना टांगायचं. लोकांना भोवती फिरू दे, पुढून बघू दे, मागून बघू दे. अस्तरं काढून टाका."

मंडळात कालवा झाला. मागची बाजू म्हणजे जिथे सगळ्यांनी आपापली पापं लपवलेली. पत्रेवाली म्हणाली, तिच्या चादरीची मागची बाजू बघून कुणाला धनुर्वात झाला तर ती जबाबदार नाही. बाई तेवढ्या खूश होत्या. "काढा अस्तरं," त्या म्हणाल्या. "आमच्या पाठीला कसली लाज?"

डावरी मात्र घाबरली. बाईंच्या कापडाची पाठ म्हणजे तिच्या सगळ्या दुपारी. वळसे होते जागच्या जागी, पण शेजारी बुजवलेली भोकं होती, दोनदा उसवून पिंजलेले धागे होते. बोटाला कळले नसते, पण पत्रेवालीच्या डोळ्यांना कळले असते. तिने ते कापड घरी आणलं, भिंग घेऊन बसली आणि डोळ्यांत तेल घालून एकेक भोक बुजवत गेली. स्वतःच्या जाळीची पाठ बघायचं तिला सुचलंसुद्धा नाही. मशीनमागून चौकट निघाली ती थेट जुन्या चादरीत गुंडाळून गोदामात गेली. तिथे ती काय लपवणार होती? तिथे तर तिच्या गाठी होत्या.

उद्घाटनाच्या दिवशी गोदाम भरलं. पंख्यांच्या वाऱ्याने सगळी कापडं जराजरा हलत होती. बाई मुलाचा हात धरून आल्या, पण गाडी वाटेत लावली म्हणून बाहेर पहारेकरी आरडाओरडा करत होता, तेव्हा मुलगा ती नीट लावायला परत गेला. डावरी बाईंना घेऊन मोठ्या कापडापाशी उभी राहिली. पुढे गर्दी होती. पत्रेवाली मात्र पाठीमागे गेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कापडाला लागेल इतकी जवळ वाकली. डावरीचा जीव टांगणीला लागला. पत्रेवाली वरून खाली आली, खालून वर गेली.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "तुमची पाठ म्हणजे, या वयात इतकी साफ तर माझी भांडीसुद्धा नसतात."

लोक हसले. डावरीचा जीव भांड्यात पडला. आता घाबरायचं काही उरलं नाही असं तिला वाटलं, आणि त्या सुटलेपणात तिने प्रथमच मान वळवून आपल्या जाळीकडे पाहिलं. मांडणीवालीने ती कोपऱ्यात पण खिडकीच्या उजेडात टांगली होती. तिथे दोनतीन माणसं थांबली होती. एक जण पायांकडे बोट दाखवत होता. "हा पिशवी एकसारखी या हातातून त्या हातात घेणारा आमच्या ऑफिसातलाच आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या बायकोला हसू आवरेना. डावरी बाईंना घेऊन हळूहळू तिकडे सरकली. इतका आनंद तिला झाला की तोंडाला कोरड पडली. त्या बायकोने आजूबाजूला बघत विचारलं, "हे कुणी केलंय?"

डावरीने तोंड उघडलं.

"अरेच्चा," जाळीच्या पलीकडून पत्रेवालीचा आवाज आला. तिला प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे जायची चटक लागली होती. "इकडे या बघू सगळ्या. हा तर बाईंचा वळसा."

सगळे पलीकडे गेले. डावरीही गेली. तिने आपल्या कामाची पाठ आज पहिल्यांदा पाहिली. खिडकीचा लख्ख उजेड होता. बुटांच्या मागे, विजारींच्या मागे, जिथे जिथे दोरा संपला होता तिथे तिथे मोहरीएवढा वळसा होता. ओळीने, एकासारखा एक. तिने गाठ शोधली. एकही नव्हती. मशीनमागे जितका वेळ आपण मोकळ्या आहोत असं ती समजत होती तितका सगळा वेळ तिचा हात भिंतीच्या फटीत दुसऱ्याचंच काम करत होता. तिला रडू नाही आलं, राग आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही समजेना.

"बाई, तुम्ही जाळीवर कधीपासून काम करायला लागलात?" पत्रेवालीने विचारलं.

बाईंनी हात पुढे केला. हात लावायची परवानगी सगळ्या गोदामात त्यांना एकट्यांना होती. बोटं जाळीवरून फिरली, एका वळशावर थांबली, दुसऱ्यावर गेली. "हात माझा आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण जाळीवर मी कधी बसले?"

"बाई, हे तुमच्या सूनबाईंचं आहे," मांडणीवाली म्हणाली.

"शक्य नाही." बाईंच्या आवाजात राग नव्हता, खात्री होती. "हिला मी स्वतः शिकवून दमले. डाव्या हाताला हा वळसा पडत नाही." मग त्या डावरीच्या दिशेला वळल्या. "खरंच तू केलंस? घाल बघू एक. द्या गं हिला सुई."

पत्रेवालीच्या गळपट्टीत नेहमी एक दोरा ओवलेली सुई खोचलेली असे. ती तिने काढून दिली.

डावरीने सुई हातात घेतली आणि तिला आपण कुठे उभ्या आहोत ते लख्ख दिसलं. वळसा चांगला पडला तर जाळी तिची ठरणार. पण मग बाई विचार करणार. हिला जर हा येतो, तर माझ्या मांडीवरचं कापड रोज दुपारी कुठे जात होतं? बाईंना तेवढा विचार करायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नसता. आणि वळसा बिघडला, तर बाई सुखात राहणार आणि जाळी जाणार. डावरीने फार वेळ लावला नाही. वाईटच घालायचा, तिने ठरवलं. सैल, बावळट, सुटून येणारा. लोक हसतील, हसू देत.

तिने कोपऱ्यात चार टाके घेतले. बाईंनी आपलं बोट तिच्या बोटांवर ठेवलं होतं आणि ते तिच्या मागोमाग येत होतं. डावरीने टोक टाक्यांखालून सरकवलं. आता सैल सोडायचं, ती मनाशी म्हणाली. आणि तिचा अंगठा वर गेला. तिने नेला नाही, तो गेला. दोरा ताणला, सुई फिरली, वळसा बसला. पूर्वी ती कसं टाचायची, माहेरी असताना, ते आठवायचा तिने प्रयत्न केला. काही आठवलं नाही. तिच्या हाताला आता एवढंच येत होतं.

बाईंचं बोट वळशावर होतं. मग ते वळशावरून निघालं आणि डावरीच्या अंगठ्यावर आलं. अंगठा कसा धरलाय ते त्यांनी चाचपलं. ताणलेला दोरा चाचपला. मग त्यांनी मान जराशी वळवली आणि डावरीच्या खांद्याच्या शेजारी, रिकाम्या हवेत, टक लावून पाहिलं. म्हणजे त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"हिला चांगला येतोय की," पत्रेवाली म्हणाली. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. जाळीकडे पाहिलं, मग मान उंच करून मधल्या मोठ्या कापडाकडे पाहिलं, मग पुन्हा जाळीकडे. "मग बाई..."

"आठवलं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, खणखणीत. "टाके मीच घालून दिले होते हिला. दुपारी वेळ असतो. आणि आत्ताही मीच तिचा हात धरला होता, दिसलं नाही का तुला? डोळे माझे गेलेत की तुझे?"

बाईंना खोटं बोलताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. पत्रेवाली हसली आणि तिने कान पकडले. मांडणीवाली गोंधळून डावरीकडे बघत होती. "हो का, ताई? मग चिठ्ठीवर नाव कुणाचं ठेवू?"

बाईंनी डावरीचं डावं मनगट घट्ट धरलं होतं. वरून कुणाला दिसत नव्हतं, पण त्यांची नखं तिच्या कातडीत रुतली होती. सांग, डावरी मनात म्हणाली. माझं नाव आहे ते, राहू दे, एवढंच तर म्हणायचंय. आजूबाजूला सगळे उत्तर ऐकायला थांबले होते. इतकी माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

"आईंचं लिहा," ती म्हणाली.

मांडणीवालीने पेन काढलं. टाळ्या झाल्या. या वयात, या डोळ्यांनी, बाईंनी नवं काहीतरी करून दाखवलं होतं. फोटोवाले जाळीपाशी जमले, बाईंना मध्ये घेतलं, आणि कुणीतरी डावरीला जरा बाजूला व्हायला सांगितलं. नवरा परत आला तेव्हा पत्रेवालीने त्याला सगळं सांगितलं. त्याने जाळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं हेही तिने आईसाठीच केलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने डावरीच्या खांद्यावर थोपटलं. "तुझं मन फार मोठं आहे," तो म्हणाला.

घरी जाताना तो पुढे गाडी चालवत होता. मागे बाई आणि डावरी. बाईंनी अजून तिचं मनगट सोडलं नव्हतं. रस्ता भरलेला होता, हॉर्न वाजत होते. त्या आवाजात बाई तिच्या कानाशी आल्या.

"कधीपासून उसवतेयस?"

"डोळे गेल्यापासून."

"सगळं?"

"सगळं, आई."

बाई मागे टेकून बसल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. डावरीला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी आत कुठेतरी हलकंही वाटलं, त्याची तिला लाज वाटली. पण वाटलं ते खरं. कळलं एकदाचं. ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं भीत होती ती होऊन गेली होती, आणि बाई अजून शेजारी बसल्या होत्या, श्वास घेत होत्या. आता उद्या दुपारी मागच्या खोलीत जायचं नव्हतं.

बाई पुन्हा वाकल्या. त्यांनी हनुवटीने पुढच्या सीटकडे खूण केली. "याला माहीत नाही ना?"

डावरीने खिडकीबाहेर पाहिलं.

"याला कळू द्यायचं नाही," बाई कुजबुजल्या. "कोलमडेल गं तो. आईचा हात अजून चालतो, एवढ्यावर तर तो उभा आहे."

डावरी नवऱ्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिली. एक वाक्य पुरे होतं. दोघं हाताच्या अंतरावर बसले होते. तिने ते वाक्य तोंडात जुळवलं आणि तेवढ्यात त्याने आरशातून मागे पाहिलं. फार दिवसांनी तो इतका खुशीत दिसत होता. "काय कुजबुज चाललीय सासू-सुनेची?"

"पुढच्या वर्षीचं बोलतोय," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी डावरीचा अंगठा चाचपला. "अंगठा वर धरायचा, हे मला कधी सुचलं नव्हतं. हुशार आहेस." त्या जरा थांबल्या. त्यांच्या डोक्यात हिशेब चालू असावा. "उद्यापासून मी वेडंवाकडं घालत बसत नाही. तूच घाल, सकाळपासून. मी शेजारी बसेन. उसवण्यातला वेळ वाचला तर वर्षाला दोन होतील. एक कापडाचं, एक जाळीचं."

"बरं, आई," डावरी म्हणाली.